बूट काढण्याइतका विराम

हीटर बंद करा, यार्नो म्हणाला,
माइकला त्याची घरघर ऐकू जाते.
तेव्हापासून कायानीच्या या लाकडी चर्चमध्ये
आम्ही एकोणीस जण आपापली वाफ बघत बसलोय.
बाहेर उणे सव्वीस.
व्हायोलिनवाल्यांची बोटं काखेत,
ओबोची पत्ती ओठांत, ती बाहेर यायला तयार नाही.

नाटक हरवलंय.
म्हणजे संहिता. सत्तेचाळीसच्या वसंतात सहा प्रयोग झाले,
सातव्याच्या आधी बर्फ वितळून रस्ता वाहून गेला,
मंडळी पांगली ती पांगलीच.
कुणी म्हणतं, प्रॉम्प्टरनं बाड चुलीत घातलं,
कुणी म्हणतं, त्यात मासे बांधून दिले.
उरले ते संगीताचे बावीस तुकडे,
शाळेच्या कपाटात, भूगोलाच्या नकाशांमागे:
‘दार उघडतं.’
‘आई पीठ चाळते.’
‘पत्र. वाचू नये, नुसतं धरावं.’

कुणाचं पत्र, देव जाणे.
आम्ही त्याच्याखालचे चौदा ठोके तेवढे वाजवतो.
अवघड आहे हे.
कुणी बोलत असताना हळू राहायला शिकलेलं संगीत,
आणि बोलणारं माणूसच नाही.
मी दुसरी व्हायोला. हळू राहण्यात माझं आयुष्य गेलं,
तरी इतकं हळू, इतक्या कुणाहीसाठी नाही असं,
कधी वाजवलं नव्हतं.

सतराव्या तुकड्यात अडलो.
दोन चेलो, एक बासून, जेमतेम चार ओळी,
मग विरामाची खूण
आणि तिच्या डोक्यावर पेन्सिलीनं:
‘थांबा. एन्सियोचं होईपर्यंत.’

काय होईपर्यंत?
मार्केत्तानं बॅटन वर धरून तीन सेकंद पाहिले,
मग सात.
तिनाला शिंक आवरल्यासारखं वाटलं.
साताला, आपल्यातलंच कुणीतरी चुकलंय असं.

नदीपलीकडच्या वृद्धाश्रमात साइमीबाई आहेत,
त्या होत्या नाटकात, सात वर्षांच्या.
फोन लागला. स्पीकरवर.
आधी त्यांनी विचारलं, चर्चचं छप्पर अजून गळतं का.
मग म्हणाल्या: गोष्ट मला विचारू नका,
मी टेबलाखाली असायचे,
पहिल्यापासून शेवटपर्यंत टेबलाखाली.
तिथून फक्त पाय दिसतात.
एन्सियो लढाईवरून येतो, बाकावर बसतो, बूट काढतो.
त्याचेच बूट होते ते, सैन्यातले, खरे.
उजवा निघायचा पटकन.
डाव्यात वर्तमानपत्र कोंबलेलं असे,
दोन बोटं नव्हती ना त्याला.
तोवर कुणी खोकत नसे.
मग?
मग काय, मग तुमचं वाजायचं.

फोन ठेवल्यावर बराच वेळ
कुणी हातमोजे काढले नाहीत.

पुढच्या टेकला चार ओळी झाल्या,
आणि ओइवानं बासून मांडीवर आडवा ठेवला,
वाकला, नाडी सोडू लागला.
यार्नो दारातून हात हलवतोय: आवाज येतोय, आवाज!
मार्केत्तानं त्याच्याकडे पाहिलंच नाही.
उजवा.
फळीवर ठेवल्याचा एक ठोका, कुठल्याच स्वरातला नसलेला.
डावा.
ओइवाची बोटं दहाच्या दहा शाबूत,
कधी भांडणातही पुढे न होणारा माणूस,
पण त्यानं तो बूट असा ओढला
की माझा गज हातात जड झाला.
मग मोज्यांवर तसाच,
गोठलेल्या फळ्यांवर पाय टेकून,
त्यानं पत्ती ओठांना लावली.

चोपन्न सेकंद.
कंपनीनं कळवलं, सतराव्यात बिघाड दिसतो, कापू का?
यार्नोनं, त्याच यार्नोनं, एका शब्दात उत्तर पाठवलं.

डिस्क साइमीबाईंना नेऊन दिली.
डोळे मिटून त्यांनी सगळी ऐकली,
पीठ चाळणं, दार, पत्र,
आणि सतराव्यानंतर बोट वर केलं.
चांगलंय, म्हणाल्या.
डावा जरा घाईत काढला.